उणे साडेतीन

मोदी नंबर दोन, दुकानाच्या मागची खोली.
सहा मीटर जागा नाही, म्हणून तक्ता तिच्या डोक्यामागे,
उलट्या अक्षरांचा, आणि समोर आरसा:
तीन मीटर जायचं, तीन मीटर यायचं.
सत्तावीस वर्षं मी असंच अंतर बनवून विकतो आहे.

तृषाली बोकडे, वय नऊ. पाय जमिनीला टेकत नाहीत.
"शेवटची ओळ वाच बेटा."
"शेवटी ओळ आहे का जी?"

आई दाराशी, पिशवी छातीशी धरून, डोळे बारीक करून.
"आमच्या घरात कोणालेच चष्मा नाही," ती सांगते,
"हिलेच काहून? मोबाइलनं झालं असंल ना?"

मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.
लांबला आहे डोळा. मिलिमीटरभर, वर थोडा.
उजेड आत येतो, जुळतो, त्याचं चित्र होतं,
पण अलीकडेच;
नागपूर आलं समजून कोणी अजनीलाच उतरावं, तसं.
मागच्या पडद्यावर पोचतो तो नुसता विस्कोट.

पडदा म्हणतो आपण, पण तो टांगलेला नसतो.
कांद्याच्या पापुद्र्याएवढा, आणि विचार करतो.
त्यातल्या काही पेशी उजेड आला की बोलतात,
काही, उजेड गेला की.
पांढऱ्यावरचं काळं तासन् तास वाचत बसलं
तर 'गेला, गेला' म्हणणाऱ्यांचाच गलका वाढतो
आणि तो ऐकून डोळा, म्हणे, मागे मागे वाढतो.
काळ्या फळ्यावर पांढरा खडू असता तर कदाचित उलटं.
कदाचित. छातीठोक अजून कोणी सांगत नाही.
भर उजेडात मात्र त्या पापुद्र्यात काहीतरी पाझरतं
आणि डोळ्याला सांगतं, पुरे.
मेंदूला न विचारता सांगतं.

"घरी खिडकी आहे?"
"आहे ना. तिच्यातच तर कूलर बसवला."

होळीला बसतो तो, मृग लागेपर्यंत हलत नाही.
वरच्या फटीला पुठ्ठा, दाराला ओलं गोणपाट.
बाहेर कडुलिंबाच्या सावलीतसुद्धा पन्नासपट उजेड
आणि आत, शेहेचाळीस अंशांच्या या गावात,
दुपारी बाराला ट्यूबलाइट.
कोणी 'पुरे' म्हणायचं, आणि कशाच्या जोरावर?

"रात्री फुटाळ्याचे दिवे कसे दिसतात ग?"
"तर्रीवर तेल तरंगते ना, तसे. गोल गोल.
मस्त दिसते."
हे लिहायला कार्डावर रकाना नाही.

लोखंडी फ्रेम तिच्या नाकावर. एक काच, दुसरी काच.
आता बरं की मघाशी बरं? आता. आणि आता?
उणे साडेतीनला ती बोलायची थांबली.
उठली, फ्रेम दोन्ही हातांनी सावरत दुकानाच्या दारापर्यंत गेली.
"आई, तारेवर पतंग हाये!"
संक्रांतीचा. चार महिने झाले, रंग उडाला, शेपूट राहिली.
"आपल्या गल्लीतपण असंल का?"

काच चित्राला मागे ढकलते, एवढंच.
थांब म्हणायचं काम तिच्याच्यानं होत नाही.
म्हणून कार्डाच्या मागे लिहिलं, जरा बारीक अक्षरात:
रोज दोन तास बाहेर. सकाळी सहा ते आठ. टोपी घालून.
छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा हसू आलं मला त्या कार्डाचं,
नागपुरात ऊन लिहून देतो आहे.

बाईनं कार्ड घेतलं.
हातभर धरलं, कपाळाला आठ्या,
मग जवळ आणलं, आणखी जवळ,
पार नाकाशी.

"बसा," मी खुर्चीकडे हात केला.
"मी?"
"बसा तर खरं."
पोरगी दारात अजून पतंगच पाहून राहिली होती.